वीज अडवणारे ग्रीस वीज वाहणाऱ्या जोडणीत का लावायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दुचाकीचा हेडलाइट पावसात भिजल्यानंतर मिणमिणू लागला, म्हणून त्यामागचा कपलर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारा प्लास्टिकचा जोड, उघडून पाहिला तेव्हा पिनांवर हिरवट थर दिसला. एका ओळखीच्या मेकॅनिकने डायलेक्ट्रिक ग्रीस कपलरमध्ये ठासून भरायला सांगितले, तर दुसऱ्याने ते पिनांना अजिबात लागू देऊ नका, फक्त रबराच्या सीलला लावा, असे बजावले. ट्यूबवर तर हे ग्रीस विद्युतरोधक असल्याचे स्पष्ट लिहिलेले आहे. मग ते पिनांमध्ये गेले तर वीज वाहणार कशी, आणि वाहणार नसेल तर लोक ते लावतात कशाला?

गेली अनेक वर्षे वाहनांच्या वायरिंगची दुरुस्ती हेच माझे काम असल्यामुळे हा प्रश्न मला सतत विचारला जातो. यात खरे तर दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत. एक ग्रीसविषयीच्या शंकेचा आहे आणि त्याचे उत्तर पुढे सविस्तर देतो. दुसरा मिणमिणणाऱ्या दिव्याचा आहे, आणि तो ग्रीसने सुटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जोडणी बिघडल्यानंतर ग्रीस लावणे म्हणजे ओल्या भिंतीवर रंग देण्यासारखे आहे. आतली ओल तशीच राहते आणि वर ती झाकली जाते.

हे ग्रीस म्हणजे मुख्यतः सिलिकोन तेल असते. त्यात अतिशय बारीक सिलिकाची पूड मिसळून ते घट्ट केलेले असते. बेअरिंगसाठी वापरतात ते नेहमीचे ग्रीस खनिज तेलात साबण मिसळून तयार होते आणि तापल्यावर एका मर्यादेनंतर पातळ होऊन वाहून जाते. सिलिकाने घट्ट केलेले सिलिकोन ग्रीस तसे वितळत नाही. उणे 40 अंशांपासून साधारण 200 अंश सेल्सियसपर्यंत ते जवळपास आपल्या जागी टिकते, पाण्यात विरघळत नाही आणि वाळून खपली होत नाही. विजेला अडवण्याची त्याची क्षमता हवेच्या कितीतरी पट आहे: कोरडी हवा दर मिलिमीटरला सुमारे 3,000 व्होल्टला फुटते, तर या प्रकारचे ग्रीस दर मिलिमीटरला 15,000 व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक दाब सहन करते. हा गुण आधी विमानांच्या कामी आला. डाऊ कॉर्निंग ही कंपनी 1943 मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले उत्पादन अशाच प्रकारचे सिलिकोन संयुग होते. ते विमानांच्या इंजिनांच्या इग्निशनमध्ये भरले जाई, कारण उंचावरच्या विरळ हवेत ठिणगी प्लगपर्यंत पोहोचण्याआधीच भलतीकडे निसटत असे.

आता मूळ शंकेकडे येतो. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते डोंगरदऱ्यांसारखे असतात, आणि दोन पिना एकमेकींवर दाबल्या की फक्त काही शिखरेच शिखरांना टेकतात. या संपर्कबिंदूंचा शास्त्रशुद्ध अभ्यास स्वीडिश शास्त्रज्ञ राग्नार होल्म यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केला, आणि त्यातून जे स्पष्ट झाले ते प्रत्येक वायरमनने लक्षात ठेवावे असे आहे: डोळ्यांना जेवढा भाग एकमेकांना चिकटलेला दिसतो, त्याचा अगदी किरकोळ अंशच प्रत्यक्षात धातूला धातू भिडलेला असतो आणि सगळा प्रवाह तेवढ्याच बिंदूंमधून जातो. उरलेल्या दऱ्यांमध्ये एरवी हवा असते आणि हवाही विद्युतरोधकच आहे. ग्रीस लावल्याने आपण एका विद्युतरोधकाच्या जागी दुसरा, अधिक चांगला विद्युतरोधक भरतो, एवढेच घडते.

शिखरांवर ग्रीस राहत नाही का, हा पुढचा प्रश्न साहजिक आहे. पिन आत सरकताना मादी टर्मिनलच्या, म्हणजे पिन ज्या खाचेत बसते त्या भागाच्या, स्प्रिंगचा संपूर्ण जोर त्या इवल्याशा बिंदूंवर येतो, म्हणून तिथला दाब प्रचंड असतो. पिनांवरचा कथिलाचा मुलामा मऊ असल्यामुळे शिखरे थोडी चेपतात, एकमेकांवर घासतात, वरचा पातळ ऑक्साइडचा पापुद्रा फुटतो आणि मऊ ग्रीस बाजूच्या दऱ्यांमध्ये ढकलले जाते. हे सगळे स्प्रिंगच्या जोरावर अवलंबून आहे. टर्मिनल फाकून सैल झाले असेल, तर ग्रीस बाजूला सारण्याइतका दाबच राहत नाही, आणि मग ‘ग्रीस लावले आणि दिवा बंद पडला’ अशी तक्रार येते. दोष ग्रीसला दिला जातो; पण तो सांधा कोरडा असतानाही जेमतेमच चालत होता.

मी स्वतः हे एकदा मोजून पाहिले होते, कारण शिकाऊ मुलांना तोंडी सांगून पटत नव्हते. 6.3 मिलिमीटरचे नेहमीचे चपटे टर्मिनल घेतले, त्यातून 5 अँपिअर प्रवाह सोडला आणि मल्टिमीटरची टोके सांध्याच्या दोन्ही बाजूंना लावून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे सांध्यातच वाया जाणारा विजेचा दाब, पाहिला. कोरड्या सांध्यावर साधारण 6 मिलिव्होल्ट आले. मग दोन्ही भागांना सढळ हाताने ग्रीस फासले आणि पुन्हा जोडले, तरीही आकडा तेवढाच. त्यानंतर मादी टर्मिनलच्या दोन्ही कडा स्क्रूड्रायव्हरने मुद्दाम थोड्या उचलल्या. मीटरवरचा आकडा लगेच चढू लागला, वायर नुसती हलवली तरी नाचू लागला, आणि ग्रीस पुसून टाकल्यावरही त्याची चंचलता गेली नाही. बिघाड कुठे होता, हे त्या मुलांना मग वेगळे सांगावे लागले नाही.

ग्रीस प्रवाह अडवत नाही, हे एकदा मान्य केले की त्याचा उपयोग काय हे समजणे सोपे जाते. ते जागा व्यापते. ज्या फटींमध्ये पाणी, मीठ, धूळ आणि ताजी हवा शिरली असती त्या फटी ते आधीच भरून टाकते. पाणी कपलरमध्ये नेमके काय करते, हे पाहण्यासारखे आहे. शेजारशेजारच्या दोन पिनांपैकी एकीवर 12 व्होल्ट आणि दुसरी अर्थला, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूला, जोडलेली असेल, आणि त्यांच्यामध्ये खारट किंवा मळलेल्या पाण्याचा थेंब अडकला, तर तिथे विद्युत विघटनाचे एक छोटेसे भांडेच तयार होते. धन बाजूच्या पिनेतले तांबे विरघळून पाण्यात उतरू लागते. त्यामुळे खराब कपलर उघडल्यावर एक गोष्ट हमखास दिसते: ज्या पिनेवर चावी बंद असतानाही वीज असते, ती सर्वांत आधी खाल्ली जाते आणि अर्थची पिन तिच्या शेजारी बऱ्यापैकी शाबूत उभी असते. एका ट्रेलरच्या कपलरमध्ये मी अशी पिन पाहिली होती की जिच्या जागी फक्त हिरव्या भुकटीचा एक खुंट उरला होता. नखाने दाबला आणि तो पिठासारखा विस्कटला.

हा हिरवा थर म्हणजे पितळी भांड्यांवर चढतो त्याच जातीचा कळंक, तांब्याची हवा, ओल आणि क्षार यांच्याशी होणारी प्रक्रिया. तो पिनेपुरता थांबत नाही. वायरच्या बारीक तारांमधून पाणी वातीतल्या तेलासारखे वर चढते, आणि इन्सुलेशन बाहेरून धडधाकट दिसत असताना आतल्या तारा काळ्या पडत जातात. म्हणून केवळ पिना चकाकवून समाधान मानू नये. टर्मिनलच्या मागे इन्सुलेशन थोडेसे सोलून तारा लालसर तांब्याच्या रंगाच्या आहेत की काळ्या, हे पाहावे. काळ्या असतील तर चांगला भाग लागेपर्यंत वायर कापून नवे टर्मिनल क्रिंप करण्यावाचून, म्हणजे पकडीने दाबून बसवण्यावाचून, गत्यंतर नाही, कारण काळ्या तारांवर ना क्रिंप नीट बसत, ना सोल्डर.

पाण्याइतकेच नुकसान करणारी, पण सहसा कोणाच्या ध्यानात न येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे कंपन. इंजिनच्या थरथरण्याने आणि तापण्या-निवण्याने पिन आणि टर्मिनल एकमेकांवर मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतके पुढेमागे घासत राहतात. प्रत्येक घासण्यात कथिलाचा ताजा पृष्ठभाग उघडा पडतो, त्यावर ऑक्साइड जमते, ते खरवडले जाते आणि पुन्हा नवे जमते. अशा रीतीने कोरड्या, पाण्याचा स्पर्शही न झालेल्या सांध्यातही काळपट भुकटी साचून संपर्क तुटू लागतो. कपलर काढून पुन्हा बसवला की भुकटी बाजूला होते, गाडी काही आठवडे बरी चालते आणि मग तोच त्रास परत सुरू होतो. ‘हलवले की चालते’ या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी या जातीच्या असतात. ग्रीस इथे हवा दूर ठेवते आणि वंगण म्हणूनही काम करते. म्हणून पिनांना ग्रीस लागूच देऊ नका, हा सल्ला मला पटत नाही. फक्त रबराला लावून पाणी बरेचसे थांबेल, घासणे थांबणार नाही.

ठासून भरण्याचा सल्लाही तितकाच चुकीचा आहे. सीलबंद कपलर ग्रीसने काठोकाठ भरला, तर तो बंद करताना आतल्या ग्रीसला जायला वाट राहत नाही. मग लॉक पूर्ण बसत नाही, किंवा त्या दाबाने मागचे रबरी सील आपल्या जागेवरून सरकते आणि ज्या पाण्यासाठी एवढा खटाटोप केला त्यालाच दार उघडे होते. पातळ थर पुरतो: मादी टर्मिनलच्या तोंडाशी थोडेसे आणि रबराच्या सीलवर सगळीकडून बोटाने फिरवलेला एक लेप. ज्या कपलरला सील नाहीच आणि जो उघड्यावर आहे, तिथे मात्र मी हात थोडा सैल सोडतो, कारण जास्तीचे ग्रीस मागून बाहेर येऊ शकते आणि पाणी अडवायला दुसरे काहीही नसते.

हेडलाइटच्या बाबतीत मी काम या क्रमाने करीन. बॅटरीची वायर सोडवून कपलर उघडावा आणि प्लास्टिक नीट पाहावे. ते तपकिरी पडले असेल किंवा वितळून वाकडे झाले असेल, तर मुख्य दोष पाण्याचा नसून सैल टर्मिनलचा आहे. 55 वॉटच्या बल्बमधून 12 व्होल्टला सुमारे 4.6 अँपिअर प्रवाह जातो. सांध्यावर अर्धा व्होल्ट जरी पडत असला, तरी त्या इवल्याशा जागेत दोन वॉटहून अधिक उष्णता सतत निर्माण होते, त्या उष्णतेने स्प्रिंग मऊ पडते, सांधा आणखी सैल होतो आणि आणखी तापतो. असा होल्डर बदलावा, वाचवत बसू नये. प्लास्टिक ठीक असेल, तर कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश वापरून हिरवा थर पूर्ण काढावा. पॉलिश पेपर शक्यतो टाळावा, कारण मुलामा अवघा काही मायक्रॉन जाडीचा असतो. तो गेला की खालचे पितळ उघडे पडते आणि पुढचा कळंक अधिक लवकर चढतो. थर इतका जाड असेल की घासल्यावाचून निघतच नाही, तर ते टर्मिनल बदलण्याच्या लायकीचे झाले आहे असे समजावे.

त्यानंतर कपलर पूर्ण कोरडा होऊ द्यावा. घाईघाईत ग्रीस लावले की आत राहिलेला ओलावा बाहेर पडू शकत नाही, आणि मी पाहिलेल्या सर्वांत वाईट कपलरांपैकी काही असे होते की त्यांत ग्रीस भरपूर होते आणि त्याच्याखाली कळंक सुखाने वाढत होता. मग टर्मिनलची पकड तपासावी: एक सुटी पिन आत घालून ओढली तर तिने थोडा विरोध केला पाहिजे. तिथपर्यंत सगळे ठीक झाल्यावर सांधा आधी कोरडाच जोडून, दिवा लावून, वर सांगितल्याप्रमाणे व्होल्टेज ड्रॉप मोजावा. काही दहा मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत मनाने उघडून ग्रीस लावावे आणि पुन्हा मोजावे. अर्थच्या बाजूने मोजायला विसरू नये. मिणमिणत्या दिव्यांच्या निम्म्याअधिक प्रकरणांत, निदान माझ्या अनुभवात, चोर तिथेच सापडतो.

स्पार्क प्लगच्या कॅपमध्ये या ग्रीसचे काम थोडे निराळे आहे. तिथे दाब हजारो व्होल्टचा असतो, आणि कॅपच्या आतल्या ओलीवरून किंवा काजळीवरून ठिणगी चिनी मातीच्या बाहेरून खाली इंजिनाकडे उतरते; भिजल्यावर इंजिन मिसिंग करते ते बरेचदा यामुळे. कॅपच्या तोंडाशी आतल्या बाजूने एक पातळ कडे काढले की ती वाट बंद होते, आणि तापून तापून रबर प्लगला चिकटत नाही, हा फायदा वेगळाच. प्लगच्या आट्यांना मात्र हे ग्रीस लावू नये, कारण प्लगचा अर्थ आणि उष्णता दोन्ही तिथूनच जातात.

काही जागी मी हे ग्रीस मुळीच वापरत नाही. उघड-बंद होताना जिथे ठिणगी पडते, म्हणजे रिले, हॉर्नचे बटण किंवा स्विचचे कॉन्टॅक्ट, तिथे सिलिकोन नसावे: ठिणगीच्या उष्णतेने सिलिकोनचे सिलिकात, म्हणजे काचेच्याच भावंडात, रूपांतर होते आणि तो थर कॉन्टॅक्ट कायमचा अडवू शकतो. ऑक्सिजन सेन्सरचा कपलरही सोडून द्यावा, कारण अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या वाटेनेच घेतात, आणि सिलिकोनची वाफ सेन्सरला निकामी करते. सोन्याचा मुलामा असलेल्या बारीक पिना, ज्यांवरून अगदी क्षीण संकेत जातात आणि ज्यांच्या स्प्रिंगचा जोरही कमी असतो, तिथे उत्पादकाने सांगितले असेल तरच लावावे. नाहीतर सील चांगले ठेवणे पुरे. सील स्वतः सिलिकोन रबराचे असेल तर सिलिकोन तेल त्यात मुरून ते थोडे फुगते, म्हणून तिथे लेप अगदी पुसट ठेवावा. आणि रंगकाम होणार असलेल्या पत्र्याजवळ ही ट्यूब उघडूसुद्धा नये. बोटाचा एक ठसा पुरतो, रंग तिथे खड्डे धरतो.

याच्या जागी दुसरे काही चालेल का, असेही अनेकांना वाटते. तांब्याची किंवा जस्ताची पूड घातलेले ‘वीजवाहक’ ग्रीस ऐकायला अधिक योग्य वाटते, पण अनेक पिनांच्या कपलरमध्ये ते दोन पिनांमध्ये गळतीची वाट तयार करू शकते. ते ॲल्युमिनियमच्या जाड केबलच्या एकेकट्या सांध्यांसाठी ठेवावे. पेट्रोलियम जेली बॅटरीच्या टर्मिनलवर उत्तम चालते, अर्थात आधी टर्मिनल साफ करून, क्लँप घट्ट आवळून, वरून लेप दिला तर. गरम इंजिनाजवळ ती वितळून जाते, आणि काही जातींचे रबर खनिज तेलाने फुगते, म्हणून कपलरच्या आत ती मी घालत नाही. बेअरिंगच्या ग्रीसचेही तेच.

एकदा नीट लावलेले सिलिकोन ग्रीस वर्षानुवर्षे टिकते, पण कपलर कुठल्याही कारणाने उघडला गेला तर जुने पुसून नवे लावावे, कारण उघडलेल्या ग्रीसला धूळ लगेच चिकटते. आणि आपल्याला हेडलाइटच उघडायचा असल्यामुळे एक सूचना: बल्ब हॅलोजनचा असेल, तर ग्रीसचे सगळे काम आटोपून, हात साबणाने धुऊन, मगच बल्बला हात लावावा आणि तोही काचेला न धरता धातूच्या बुडाला धरून. तापलेल्या काचेवर ग्रीसचा डाग राहिला तर तेवढ्या जागी ती वेडीवाकडी तापते आणि तडकू शकते. डाग पडलाच, तर दिवा लावण्यापूर्वी अल्कोहोलने भिजवलेल्या स्वच्छ कापडाने तो पुसून घ्यावा.